बंदरात अडवलेला बनावट माल सुटू नये म्हणून: ब्रँडमालकांनी सांभाळायच्या मुदती

सीमाशुल्क अधिकाऱ्याने बनावट माल पकडला की आपले काम संपले, असा अनेक ब्रँडमालकांचा समज असतो. अधिकारी खरे तर माल फक्त थांबवून ठेवतो. पुढे तो माल नष्ट होणार की आयातदार तो ट्रकमध्ये भरून घेऊन जाणार, हे नंतरच्या मोजक्या, बहुतेक ठिकाणी दहा कामकाजाच्या, दिवसांत ब्रँडमालक काय करतो यावर ठरते. ठरलेल्या दिवसांत त्याचे उत्तर गेले नाही, तर माल नकली असल्याचे डोळ्यांना दिसत असूनही बऱ्याच देशांत अधिकाऱ्याला तो सोडावा लागतो. नियमात तशी तरतूदच असते.

म्हणून इथे कायद्याच्या तत्त्वचर्चेत फारसे न शिरता फक्त मुदतींचा हिशेब मांडला आहे. मुख्य आधार युरोपीय संघाच्या नियमांचा घेतला आहे, कारण मुदतींची साखळी तिथे सर्वांत स्पष्ट लिहिलेली आहे आणि ती एकदा समजली की इतर देशांतले फरक चटकन लक्षात येतात. भारत, चीन आणि अमेरिका यांचे वेगळेपण पुढे स्वतंत्रपणे येईल.

मुळात हे दहा दिवस आले कुठून

जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा हक्कांबद्दलचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. त्याची कलमे ५१ ते ६० सीमेवरच्या कारवाईबद्दल आहेत. आयात होणारा बनावट ट्रेडमार्कचा माल आणि चोरीच्या प्रती अडवण्याची सोय करणे सदस्य देशांना बंधनकारक आहे. निर्यातीचा किंवा निव्वळ मार्गस्थ माल अडवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे.

कलम ५५ हे या लेखाचे मूळ. माल थांबवल्याची सूचना अर्जदाराला मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत, मूळ वादावर निर्णय होईल अशी कार्यवाही सुरू झाल्याचे सीमाशुल्क खात्याला कळले नाही, तर माल सोडायचा. योग्य प्रकरणात आणखी १० कामकाजाचे दिवस वाढवून देता येतात. यामागचा विचार आयातदाराच्या बाजूचा आहे. केवळ संशयावरून कुणाचा माल महिनोन्‌महिने अडकून पडू नये आणि प्रतिस्पर्ध्याला छळण्यासाठी या सोयीचा वापर होऊ नये. ब्रँडमालकांना हे दहा दिवस जाचक वाटतात, पण आयातदाराच्या जागी उभे राहून पाहिले तर ते फार कडक वाटत नाहीत.

बहुतेक देशांचे नियम या चौकटीत बसतात. मात्र दिवस कुठून मोजायचे, त्या दिवसांत नेमके काय करायचे आणि कोणापुढे करायचे, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले आहे. गोंधळ होतो तो इथेच.

पायरी पहिली: मोजणी कुठून सुरू होते ते आधी नक्की करा

‘दहा दिवस’ सगळ्यांच्या लक्षात राहतात. ते कधीपासून मोजायचे, हे फार थोड्यांना आठवते.

युरोपीय संघात माल थांबवल्याची सूचना ही मोजणीची सुरुवात. मुदती मोजण्याची पद्धत १९७१च्या एका जुन्या नियमाने, ११८२/७१ ने, ठरलेली आहे. ज्या दिवशी घटना घडली तो दिवस धरायचा नाही. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या कामकाजाच्या दिवसांत येत नाहीत. सूचना शुक्रवारी मिळाली, तर सोमवार हा पहिला दिवस, आणि मधे सुट्टी नसेल तर त्यापुढच्या आठवड्याचा शुक्रवार हा दहावा. इथे पाहायच्या त्या माल अडवणाऱ्या देशातल्या सुट्ट्या. तुमच्या कार्यालयाला असलेली सुट्टी मुदत वाढवत नाही. उलट ती तुमचाच एक दिवस खाते.

भारतात १० कामकाजाचे दिवस मोजायचे ते मालाची सुटका थांबवल्याच्या तारखेपासून. सूचना हातात कधी पडली हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. माल शुक्रवारी थांबला आणि पत्र मंगळवारी संध्याकाळी वाचले, तर सोमवार आणि मंगळवार गेलेले असतात. तुमच्याकडे आठ दिवस उरतात.

चीनमध्ये सीमाशुल्क खात्याने स्वतःहून संशयित माल हेरला, तर सूचना बजावल्यापासून फक्त ३ कामकाजाचे दिवस मिळतात. अमेरिकेत मुख्य मोजणी माल तपासणीसाठी सादर झाल्याच्या तारखेपासून चालते.

म्हणून सूचना येताच सर्वांत आधी दोन तारखा कागदावर उतरवा: माल थांबवल्याची आणि सूचना मिळाल्याची. कोणती लागू होते याबद्दल शंका असेल तर आधीची तारीख धरून चाला. त्यात नुकसान काहीच नाही.

पायरी दुसरी: माल निघण्याआधीच्या मुदती

सूचना येण्यासाठी तुमचे नाव सीमाशुल्क खात्याकडे असायला हवे. युरोपीय संघात त्यासाठी कारवाईचा अर्ज करावा लागतो. १२ जून २०१३चा नियम ६०८/२०१३ हा त्याचा आधार, आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. अर्जाला शुल्क नाही. अर्ज मिळाल्यापासून ३० कामकाजाच्या दिवसांत खाते निर्णय कळवते. तीस कामकाजाचे दिवस म्हणजे सहा आठवडे, आणि मधे सुट्ट्या आल्या तर त्याहून जास्त. नवे उत्पादन बाजारात येणार असेल किंवा सणासुदीच्या विक्रीचा हंगाम तोंडावर असेल, तर अर्ज निदान तीन महिने आधी जायला हवा. उत्पादन बाजारात आल्यावर अर्ज करणाऱ्यांची पहिली लाट बहुधा हातची गेलेली असते.

मंजूर अर्ज जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. नूतनीकरणाची मागणी मुदत संपायला ३० कामकाजाच्या दिवसांहून कमी वेळ उरला असताना पोचली, तर खाते ती नाकारू शकते. इथे बरेच जण फसतात, कारण ‘संपण्याआधी’ म्हणजे शेवटच्या आठवड्यात, असे ते धरून चालतात. माझा सल्ला असा की मंजुरी हातात पडली त्याच दिवशी दिनदर्शिकेत दोन नोंदी कराव्यात. पहिली मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची, कागद गोळा करायला. दुसरी दोन महिने आधीची, मागणी पाठवायला.

अर्ज उभा असतो तो ट्रेडमार्कच्या नोंदणीवर. नोंदणी संपली, हक्क दुसऱ्याला विकला गेला, कंपनीचे नाव बदलले किंवा संपर्काची व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर ते खात्याला लगेच कळवणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे. यातली शेवटची गोष्ट कुणाला महत्त्वाची वाटत नाही. पण अर्जात दिलेला ईमेल पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर सूचना रिकाम्या पेटीत जाऊन पडते आणि दिवस मात्र मोजले जात राहतात. अर्जात एखाद्या व्यक्तीचा पत्ता कधीच देऊ नये. निदान तिघेजण रोज उघडतात असा सामायिक पत्ता द्यावा.

अर्जच केलेला नसेल तर सगळे संपले असे नाही. युरोपीय संघात अधिकारी स्वतःहूनही माल थांबवू शकतो. नाशवंत मालाला मात्र ही सोय नाही. अशा वेळी हक्कधारकाने सूचनेनंतर ४ कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय अर्ज, म्हणजे त्या एका देशापुरता अर्ज, दाखल करायचा, आणि खाते त्यावर २ कामकाजाच्या दिवसांत निर्णय देते. मात्र हक्कधारक कोण आहे हेच एका कामकाजाच्या दिवसात कळले नाही, तर माल तिथेच सुटतो. चार दिवसांत नोंदणीची प्रमाणपत्रे, मुखत्यारपत्र, उत्पादनाचे वर्णन आणि खर्च उचलण्याची हमी हे सगळे शून्यातून उभे करणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायला घेणे.

पायरी तिसरी: सूचनेच्या आधीच कपाटात ठेवायचे कागद

दहा दिवसांत सर्वांत जास्त वेळ कायद्याच्या कामात जातो असे वाटेल. तो जातो सही मिळवण्यात. मुखत्यारपत्रावर संचालकाची सही, ते नोटरीकडून प्रमाणित करणे, त्या देशाला चालेल असे भाषांतर, बँकेकडून हमीपत्र: यातले प्रत्येक काम सहज तीन-चार दिवस घेते. आणि यातले एकही काम असे नाही, जे माल पकडला जाण्याआधी करून ठेवता येत नाही.

तेव्हा ज्या देशांत अर्ज केला आहे, तिथल्या वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र आधीच करून ठेवा. खरा आणि नकली माल कसा ओळखायचा याची छायाचित्रांसह पुस्तिका बनवा: शिलाई, छपाई, अनुक्रमांकाची रचना, होलोग्रॅम, पॅकिंगचा कागद, नेहमीचे मालवाहतुकीचे मार्ग, अधिकृत आयातदारांची यादी. ही पुस्तिका अधिकाऱ्याइतकीच तुमच्याही कामाची आहे, कारण सुट्टीच्या दिवशी छायाचित्रे पाहून उत्तर देणारा कर्मचारी तुमचा उत्पादनतज्ज्ञ असेलच असे नाही.

खर्चाचा निर्णयही आधीच घेऊन ठेवावा. किती नगांपर्यंत फक्त नाशाला संमती द्यायची आणि किती नगांच्या पुढे कोर्टात जायचे, याचा आकडा कंपनीने एकदा ठरवला की दर प्रकरणात वरिष्ठांच्या परवानगीसाठी दोन दिवस वाया जात नाहीत. युरोपीय संघात साठवणूक आणि नाश यांचा खर्च खात्याने मागितला की अर्जदाराने भरायचा असतो. तो पुढे नकली माल आणणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क आहे, पण त्या वसुलीच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडू नये.

पायरी चौथी: सूचना आली, पहिला दिवस

सूचनेत मालाचा प्रकार आणि अंदाजे किंवा प्रत्यक्ष संख्या असते. बरेचदा छायाचित्रेही असतात. युरोपीय संघात आयातदाराला माल थांबवल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात कळवतात, आणि अर्जदाराला त्याच दिवशी किंवा त्यानंतर लगोलग. म्हणजे तुम्ही पत्र वाचत असता तेव्हा समोरचाही वाचत असतो.

पहिल्या दिवशी चार गोष्टी व्हाव्यात. पोच द्या. शेवटची तारीख काढून ती वकील, उत्पादन विभाग आणि सही करणारा अधिकारी या तिघांनाही कळवा. छायाचित्रे अपुरी असतील तर आणखी मागा, किंवा मालाची पाहणी करण्याची वा नमुना मिळण्याची विनंती करा. आणि पाठवणारा, घेणारा, माल जाहीर करणारा यांची नावे-पत्ते तसेच मालाचे मूळ आणि गंतव्य यांची माहिती लेखी मागा. ही शेवटची मागणी लोक पुढे ढकलतात, आणि कोर्टात जायची वेळ येते तेव्हा दावा कुणावर लावायचा हेच माहीत नसते.

नमुना मागवण्यापेक्षा आधी चांगली छायाचित्रे मागवणे शहाणपणाचे. नमुना कुरियरने येईपर्यंत निम्मी मुदत उलटते.

पायरी पाचवी: लेखी खात्री आणि संमती

युरोपीय संघात कोर्टात न जाता माल नष्ट करण्याची सोय आहे, आणि बहुसंख्य ब्रँडमालकांनी तिचाच आधार घ्यावा असे माझे मत आहे. त्यासाठी सूचनेनंतर १० कामकाजाच्या दिवसांत तुम्ही दोन गोष्टी लेखी कळवायच्या: तुमच्या मते हक्काचा भंग झाला आहे, आणि माल नष्ट करायला तुमची संमती आहे. नाशवंत माल असेल तर ही मुदत ३ कामकाजाच्या दिवसांची.

दोन्ही वाक्ये हवीत. ‘माल बनावट वाटतो, पुढील कारवाई करावी’ असे मोघम पत्र धाडले तर संमती आली की नाही, यावरच पत्रव्यवहार सुरू होतो. खात्री कशाच्या आधारे झाली, हे दोन-तीन ओळींत लिहा: अनुक्रमांक आमच्या नोंदीत नाही, शिलाईची पद्धत वेगळी, आयातदार अधिकृत यादीत नाही.

घाई असली तरी एक तपासणी टाळू नये. माल खरोखर नकली आहे, की तुमचाच अस्सल माल दुसऱ्या बाजारातून परस्पर आणलेला आहे? ६०८/२०१३ हा नियम समांतर आयातीला लागू नाही. अधिकृत कारखान्याने ठरल्यापेक्षा जास्त बनवलेल्या मालालाही नाही. अशा मालाविरुद्ध तुमचे दुसरे हक्क असू शकतात, पण ते या दारातून बजावता येत नाहीत. चुकीचे प्रमाणपत्र देऊन अस्सल माल अडवला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. ट्रिप्स कराराच्या कलम ५६ मध्येही चुकीने अडवलेल्या मालाची भरपाई सांगितली आहे.

पायरी सहावी: आयातदार काय म्हणतो, आणि त्यात लपलेला सापळा

तुमचे पत्र गेले. आता आयातदाराच्या बाजूला तीन शक्यता. तो नाशाला संमती देतो. तो गप्प बसतो. किंवा तो हरकत घेतो.

संमती दिली तर प्रश्नच मिटला. गप्प बसला तर मुदतीनंतर खाते त्याची संमती गृहीत धरू शकते. बनावट माल आणणारे अनेकजण गप्प बसणेच पसंत करतात, कारण हरकत घ्यायची म्हणजे आपले नाव पुढे करायचे. ही गृहीत संमती हाच या सोयीचा कणा आहे.

तिसरी शक्यता नीट समजून घ्यायला हवी. आयातदाराने हरकत घेतली की खाते तुम्हाला लगेच कळवते, आणि मग हक्काचा भंग झाला की नाही हे ठरवणारी कार्यवाही तुम्हाला सुरू करावी लागते. किती दिवसांत? इथे बहुतेकांना वाटते की हरकत कळल्यापासून नवे दहा दिवस मिळतील. तसे नाही. माल थांबवल्याच्या मूळ सूचनेपासूनचेच ते १० कामकाजाचे दिवस आहेत. आयातदाराने नवव्या दिवशी दुपारी हरकत घेतली, तर दावा दाखल करायला तुमच्याकडे दीड दिवस उरतो. कसलेला आयातदार हे जाणून असतो आणि हरकत मुद्दाम शेवटपर्यंत दाबून ठेवतो.

यावर उतारा दोन पदरी आहे. पहिला पदर म्हणजे मुदतवाढ. नाशवंत माल सोडून इतर सर्व प्रकरणांत, योग्य कारण दिले तर खाते जास्तीत जास्त आणखी १० कामकाजाचे दिवस देऊ शकते. ‘देऊ शकते’ हे शब्द लक्षात ठेवा, तो तुमचा हक्क नाही. विनंती मूळ मुदत संपायच्या आत पोचली पाहिजे आणि तिच्यात कारण हवे: नमुन्याची तपासणी सुरू आहे, आयातदाराशी बोलणी चालू आहेत, दाव्यासाठी अमुक कागद यायचा आहे. मोठ्या खेपेच्या बाबतीत मी सातव्या दिवशी विनंती पाठवावी असे म्हणेन, आयातदाराची हरकत आलेली असो वा नसो. गरज पडली नाही तर बिघडत काहीच नाही.

दुसरा पदर म्हणजे दाव्याचा मसुदा पाचव्या दिवसापर्यंत तयार ठेवणे. प्रतिवादीची नावे पहिल्याच दिवशी मागवली असतील तर हे जमते. कोणती कार्यवाही ‘सुरू केली’ असे धरले जाते, दिवाणी दावा की फौजदारी तक्रारही चालते, हे त्या त्या सदस्य देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. हा प्रश्न वकिलाला सूचना आल्यावर विचारण्यापेक्षा अर्ज करतानाच विचारून उत्तर फाईलला लावून ठेवावे. दावा दाखल झाला की त्याची पोच सीमाशुल्क खात्याकडे त्याच मुदतीत गेली पाहिजे. कोर्टात वेळेवर गेलेला आणि खात्याला कळवायला विसरलेला ब्रँडमालक, आणि मुळीच न गेलेला, या दोघांत गोदामातल्या अधिकाऱ्याला फरक दिसत नाही.

छोटी पार्सले

ऑनलाइन खरेदीमुळे कंटेनरपेक्षा पाकिटांचा त्रास जास्त झाला आहे. युरोपीय संघात टपालाने किंवा कुरियरने आलेले, तीन किंवा कमी नगांचे अथवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे पार्सल ‘छोटी खेप’ ठरते. अशा बनावट मालासाठी वेगळी पद्धत आहे. घेणाऱ्याला म्हणणे मांडायला १० कामकाजाचे दिवस मिळतात, त्याने संमती दिली किंवा तो गप्प राहिला तर पार्सल नष्ट होते, आणि ब्रँडमालकाला प्रत्येक वेळी उत्तर द्यावे लागत नाही. अट एकच: मूळ अर्जात ही पद्धत वापरण्याची मागणी केलेली असली पाहिजे. तो रकाना रिकामा सोडणाऱ्याला दोन-दोन नगांसाठी दहा दिवसांचे चक्र फिरवावे लागते. उलट बाजूही आहे. नाशाचा खर्च तुमच्या खात्यावर येतो, म्हणून स्वस्त वस्तूंच्या ब्रँडने हा रकाना भरण्याआधी हिशेब करावा.

भारतात काय वेगळे

८ मे २००७ रोजी अधिसूचित झालेले बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७ इथे लागू आहेत. २०१८च्या दुरुस्तीने पेटंट त्यातून वगळले गेले. हक्कधारकाने दिलेल्या नोटिशीची, म्हणजे माल अडवण्यासाठीच्या अर्जाची, नोंदणी झाली की नाही, हे आयुक्त ३० कामकाजाच्या दिवसांत कळवतात. नोटिशीत त्रुटी असेल तर ती दूर करायला १५ दिवस मिळतात, आणि ते वाढवून मागता येतात.

माल थांबवल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत हक्कधारकाने कार्यवाहीत सहभागी व्हायचे असते. युरोपीय पद्धतीपेक्षा हे वेगळे आहे. इथे स्वतंत्र दावा लावण्याची सक्ती नाही, सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढच्या कार्यवाहीत उतरायचे आहे. योग्य प्रकरणात आणखी १० कामकाजाचे दिवस मिळू शकतात. नाशवंत मालासाठी ३ कामकाजाचे दिवस आणि त्यावर ४ दिवसांची वाढ. अधिकाऱ्याने स्वतःहून माल अडवला असेल, तर थांबवल्याच्या तारखेपासून ५ दिवसांत नोटीस द्यायची आणि बाँडची, म्हणजे हमीपत्राची, अटही पुरी करायची. या पाचांच्या मागे ‘कामकाजाचे’ हा शब्द नाही. शनिवार-रविवार त्यातच जातात.

नोंदणी असूनही माल सुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बाँड. खेप अडवल्यावर त्या खेपेपुरता बाँड तीन दिवसांत द्यावा लागतो, आणि जामीन जुळवण्यात तेवढे दिवस सहज जातात. ज्यांचा माल वेगवेगळ्या बंदरांतून येतो त्यांनी बँकेशी आधीच बोलून ठेवावे.

आणखी एक मुदत अगदी शेवटी येते. जप्त माल नष्ट करायचा की व्यापाराच्या नेहमीच्या वाटांबाहेर त्याची विल्हेवाट लावायची, याचा प्रस्ताव हक्कधारकाला कळवला जातो. २० कामकाजाच्या दिवसांत त्याने काहीच कळवले नाही, तर त्याची संमती गृहीत धरतात. विनंती केल्यास आणखी २० कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढ मिळू शकते. इथे गप्प राहणे म्हणजे विल्हेवाटीच्या पद्धतीवरचा आपला आवाज सोडून देणे.

चीनमध्ये तीन दिवस, आणि पैसे सोबत

चीनचे सीमाशुल्क खाते निर्यात होणारा मालही अडवते, आणि तीच त्याची खरी उपयुक्तता. माल तिथेच थांबला तर तो जगभरच्या बंदरांत शोधत बसावे लागत नाही. सीमाशुल्क प्रशासनाकडे केलेली हक्कनोंद १० वर्षे चालते, आणि तिचे नूतनीकरण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत मागायचे असते. नोंदीतली माहिती बदलली तर ३० कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागते.

संशयित खेपेची सूचना बजावल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत माल अडवून ठेवण्याची लेखी मागणी आणि त्यासोबत अनामत, दोन्ही पोचले पाहिजे. माल २०,००० युआनच्या आतला असेल तर किमतीइतकी अनामत, २०,००० ते २,००,००० युआनपर्यंत निम्मी पण निदान २०,०००, आणि त्यापुढे १,००,००० युआन. परदेशातून तीन दिवसांत पैसे पोचवणे हीच खरी अडचण. ज्यांच्या खेपा वारंवार पकडल्या जातात त्यांच्यासाठी ट्रेडमार्कच्या बाबतीत सर्वसाधारण हमीची सोय आहे. ती निदान २,००,००० युआनची असावी लागते, पण एकदा दिली की दर वेळी वेगळी अनामत लागत नाही.

माल अडवल्यावर खाते ३० कामकाजाच्या दिवसांत तपास करून भंग झाला की नाही ते ठरवते. त्याला ठरवता आले नाही, तर ब्रँडमालकाने कोर्टात जायचे, आणि अडवल्याच्या दिवसापासून ५० कामकाजाच्या दिवसांत कोर्टाचे सहकार्यपत्र, म्हणजे माल अडवून ठेवायला मदत मागणारे पत्र, खात्याकडे आले नाही तर माल सुटतो. खात्याने स्वतःहून शोधलेल्या मालाची ही मुदत. ब्रँडमालकानेच खेपेची माहिती देऊन अर्ज केला असेल तर खाते तपास करत नाही आणि ही मुदत २० कामकाजाच्या दिवसांवर येते. तीस दिवस संपेपर्यंत निर्णयाची वाट पाहिली तर उरलेल्या वीस दिवसांत कोर्टाचा आदेश मिळवणे अवघड जाते, म्हणून दाव्याची तयारी तपासासोबतच चालू ठेवावी.

अमेरिकेत घड्याळ बहुधा आयातदारावर

अमेरिकी सीमाशुल्क खात्याकडे ट्रेडमार्कची नोंद करायला दर वर्गामागे १९० डॉलर शुल्क आहे, नूतनीकरणाला ८० डॉलर. ट्रेडमार्कची नोंदणी संपल्यानंतर तीन महिन्यांच्या आत नोंदीचे नूतनीकरण मागावे लागते.

तिथे बनावट ट्रेडमार्कच्या मालासाठी ब्रँडमालकाने दहा दिवसांत दावा लावण्याची भानगड नाही. खाते स्वतः निर्णय करून जप्ती करते. माल तपासणीसाठी सादर झाल्यापासून ३० दिवसांपर्यंत अडवता येतो. आयातदाराला सूचना मिळाल्यावर माल बनावट नसल्याचे दाखवायला ७ कामकाजाचे दिवस असतात. त्याने ते दाखवले नाही तर खाते मालावरच्या खुणा, अनुक्रमांक वगैरे न झाकलेली माहिती ब्रँडमालकाला दाखवून मत विचारू शकते. हे मत देण्यात आठवडा घालवू नये, कारण तीस दिवस तेव्हा बरेच सरलेले असतात.

जप्तीची नोटीस निघाल्यानंतर ३० कामकाजाच्या दिवसांत खाते ब्रँडमालकाला आयातदार, निर्यातदार, उत्पादक यांची उपलब्ध नावे आणि पत्ते कळवते. पुढच्या दाव्यासाठी हा कागद मोलाचा आहे. तो आला नाही तर आठवण करून द्यावी.

माल नष्ट झाल्यावर

फाईल बंद करण्याआधी काही कामे उरतात. युरोपीय संघात नमुने घेतले असतील तर तपासणी झाल्यावर, परिस्थिती परवानगी देत असेल तेव्हा, ते परत करायचे. खात्याने दिलेली नावे-पत्ते ठरलेल्या कारणांसाठीच वापरायची: कार्यवाही सुरू करणे, भरपाई मागणे, तपास, आयातदाराशी नाशाबद्दल बोलणी. ती विक्री विभागाकडे पाठवून अनधिकृत दुकानदारांची यादी बनवायला वापरली तर अडचण येऊ शकते. या जबाबदाऱ्या न पाळणाऱ्याच्या, खर्च न भरणाऱ्याच्या किंवा सबळ कारणाशिवाय कार्यवाही सुरू न करणाऱ्याच्या बाबतीत खाते अर्जावरची कारवाई उरलेल्या काळासाठी थांबवू शकते.

शेवटी, पकडलेल्या मालातून जे नवे कळले ते अर्जात भरा: नवा मार्ग, नवे पॅकिंग, पाठवणाऱ्याचे नवे नाव. बौद्धिक संपदेच्या युरोपीय कार्यालयाच्या अंमलबजावणी पोर्टलवरून अर्जातली माहिती बदलता येते. हे काम नूतनीकरणापर्यंत थांबवू नका. पुढची खेप त्याच मार्गाने त्याआधीच निघालेली असू शकते.